म्हातारपण म्हणजे पेशींत साचलेली म्युटेशनं (डीएनएतले बदल)? मला तरी पटतंय

गवतीचहा
आमच्या मामांनी तीस-एक वर्षं एसटी चालवली, आता रिटायर्ड. त्यांचा उजवा गाल, म्हणजे खिडकीकडचा, डाव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. सुरकुत्या, डाग, सगळं एकाच बाजूला. उन्हाने डीएनएची वाट लागते हे माहीत होतं पण आतल्या अवयवांचं काय, तिकडे कुठे ऊन पोचतंय म्हणून वाचत बसलो तर सँगर इन्स्टिट्यूटचा (ब्रिटनमधली डीएनएवर संशोधन करणारी संस्था) २०२२ चा पेपर सापडला. १६ सस्तन प्राण्यांच्या आतड्याच्या पेशी तपासल्यात. उंदराच्या एका पेशीत वर्षाला साधारण ८०० नवी म्युटेशनं, माणसाच्या ४७. आणि मरेपर्यंत दोघांचाही आकडा जवळपास सारखाच, ३,००० च्या आसपास! जिराफ एवढा धिप्पाड, नेकेड मोल रॅट (बिळात राहणारा बिनकेसांचा उंदरासारखा प्राणी) मुठीत मावणारा, पण दोघं पंचवीसेक वर्षं जगतात आणि दोघांचा वर्षाचा रेट ९०-१०० च. कोटा भरला की खेळ खल्लास. बाकी कारणं फुटकळ. हाणा आता.

खडूस_काका
असहमत. मामांच्या गालापासूनच सुरू करू. उन्हाने त्वचेतलं कोलॅजेनही (तिला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन) तुटतं, सुरकुती मुख्यतः त्याची. आणि मीटर पळतो म्हणून रिक्षा पुढे जात नाही हो. जास्त जगणाऱ्या प्राण्याला डीएनएची दुरुस्ती चोख ठेवावीच लागते, नाहीतर तरुणपणीच कॅन्सर होईल, त्या आकड्यांचा अर्थ एवढाही असू शकतो. त्याच सँगरवाल्यांचा २०२१ चा पेपर वाचलात का? काही लोकांत डीएनए कॉपी करताना प्रूफरीडिंग करणारा जीन जन्मतःच बिघडलेला असतो. त्यांच्या पेशींत म्युटेशनं कित्येक पट, आतड्याचा कॅन्सर लवकर होतो, पण अकाली म्हातारपण? काही दिसलं नाही.

बटाटेभात
म्हंजे कॅन्सर सोडला तर बाकी ठणठणीत. वा!

गवतीचहा
@काका, मग वर्नर सिंड्रोमचं काय? डीएनए दुरुस्तीतला एक जीन गेला आणि विशी-तिशीत केस पांढरे, मोतीबिंदू, डायबेटीस.

खडूस_काका
त्यात टेलोमिअरची (गुणसूत्रांच्या टोकांची) पण बोंब असते, सगळं बिल म्युटेशनवर कसं फाडता?

लॅबमधली_ताई
तुम्ही दोघंही नुसती बेरीज करताय. बहुतेक म्युटेशनं कुठेतरी कोपऱ्यात पडून असतात, काही करत नाहीत. पण एखादं असं असतं की ती पेशी शेजारणींपेक्षा जोरात वाढते, वावरात गाजरगवताचं एक रोप यावं आणि चार पावसाळ्यांत दुसरं काही उगवू नये तसं. रक्तात हे स्पष्ट दिसतं, सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या एकाहून जास्त लोकांत रक्तपेशींचा एक मोठा भाग एकाच बिघडलेल्या मूळपेशीची पिल्लं असतात. टेट-२ नावाच्या जीनमध्ये बिघाड असेल तर त्या पेशी सूज वाढवतात, आणि असे क्लोन (एकाच पेशीची पिल्लावळ) असणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त. कॅन्सर नाही हां हा. त्यामुळे आकडा किती यापेक्षा कुठलं रोप पसरलं ते बघा.

बटाटेभात
ताईंशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). गाजरगवत लक्षात राहणार.

खडूस_काका
ताई, रक्ताचं मान्य. पण अख्ख्या म्हातारपणाचं? डॉली मेंढी आठवा, क्लोन केलेली. ६ वर्षांच्या मेंढीच्या पेशीतलं केंद्रक घेऊन रिकाम्या केलेल्या अंड्यात घातलं, १९९६ ला कोकरू जन्मलं. पुढे त्याच पेशींपासून केलेल्या चार बहिणी ७ ते ९ वर्षांच्या असताना तपासल्या, वयाच्या मानाने धडधाकट निघाल्या. म्युटेशनं तर आईच्या पेशीतून जशीच्या तशी आली असणार, मग म्हातारपण कुठे गेलं? माझ्या मते ते डीएनएच्या अक्षरांत कमी आणि कुठला जीन चालू-बंद ठेवायचा त्या खुणांत जास्त असतं, त्या खुणा अंड्यात गेल्यावर पुसल्या जातात.

लॅबमधली_ताई
काका, २७७ अंड्यांत केंद्रक घालून पाहिलं तेव्हा एक डॉली हाती लागली. बाकीच्या २७६ मधले किती फुटक्या डीएनएमुळे गेले ते कोण मोजणार? जे टिकलं तेच दाखवून सगळं ठीक होतं म्हणताय.

खडूस_काका
हम्म. हा मुद्दा चांगलाय. पण चार बहिणी मी सोडणार नाही. बाय द वे गवतीचहा, मामांना सनस्क्रीन द्या हो.

गवतीचहा
दोन वर्षांपूर्वीच दिलंय. लग्नाला जाताना लावतात.