काळ्या गाडीवर पाण्याचे पांढरे डाग, धुवून पुसून पण जाईनात

काळीगाडी_जुळेसोलापूर:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत सेकंडहँड गाडी घेतली, काळ्या रंगाची. घरचे सगळे सांगत होते की पांढरी घे बे, आपल्या उन्हात आणि धुळीत काळी परवडत नाही, पण मला काळीच पाहिजे होती, आता भोगायलोय. दर रविवारी सोसायटीच्या बोअरच्या पाण्यानं पाईप लावून धुतो, शॅम्पू पण चांगला वापरतो, आणि सुकली की बॉनेटवर, छतावर, काचेवर गोल गोल पांढरे ठिपके, जसं काय कुणी ताक शिंपडून गेलंय. परत पाणी मारलं की गायब होतात, मला वाटतं गेले, सुकलं की परत हजर. फडक्यानं घासलं तर ठिपका जात नाही पण बारीक ओरखडे मात्र आले. शॅम्पू बदलून बघितला, काही फरक नाही. धुण्यात चूक होतीय का शॅम्पू चांगला लागंना? सर्व्हिसिंगवाला कोटिंग करून घ्या म्हणतो आणि आकडा ऐकून मी घरी आलो.

भाकरी_आणि_शेंगाचटणी:
धुतोस किती वाजता ते सांग आधी.

काळीगाडी_जुळेसोलापूर:
रविवार आहे ओ, नाष्टा बिष्टा करून साडेदहा अकरा होतातच. पार्किंगला शेड नाही, उघड्यावरच उभी असते.

भाकरी_आणि_शेंगाचटणी:
झालं मग. एप्रिलमधे सोलापुरात अकरा वाजता काळ्या बॉनेटवर हात ठेवून बघ, ठेववत नाही. त्याच्यावर पाणी मारतोस आणि दुसऱ्या बाजूला जाऊन येईपर्यंत इकडचं वाळून गेलेलं असतं. सकाळी सहाला उठ नाहीतर संध्याकाळी सूर्य गेल्यावर धू, आणि संध्याकाळी पण पत्रा गार झाल्यावरच, नुसता सूर्य गेला म्हणून पत्रा गार होत नाही.

क्षार_काढणारा:
वेळेचं बरोबर आहे पण अर्धंच. मी एमआयडीसीत एका प्रोसेस हाऊसला पाण्याचं बघतो (टॉवेलाचा कपडा रंगवायला सॉफ्ट पाणीच लागतं, कठीण पाण्यात रंग नीट बसत नाही), त्यामुळं ह्या विषयावर मला कुणी विचारलं की मी सुटतो, आधीच माफी मागतो.

डाग शॅम्पूचा नाही, डाग पाण्याचाच आहे. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, त्याच्या भेगांतनं मुरत मुरत आलेलं बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत, ते जिथं थेंब होता तिथंच बसतात. थेंबाची कड आधी सुकते म्हणून आतलं पाणी कडेकडं ओढलं जातं आणि क्षार पण कडेलाच साचतात, चहाचा थेंब फरशीवर वाळल्यावर कशी रिंग दिसते तसं. आणि परत पाणी मारून का जात नाही, तर पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट सुकताना कार्बोनेट होऊन बसतं आणि ते साध्या पाण्यात परत जवळजवळ विरघळतच नाही. गिझरच्या कॉईलवर जो दगड चढतो तोच हा. ओल्यावर दिसत नाही एवढंच, गेलेला नसतो.

आता हिशोब बघा. समजा तुमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम ते) ११०० आहे, म्हणजे लिटरला १.१ ग्रॅम क्षार. गाडी धुतल्यावर अंगावर दोन लिटर पाणी राहिलं असं धरलं तर सव्वादोन ग्रॅम क्षार तुम्ही दर रविवारी गाडीला चोपडताय. शॅम्पू कितीही भारीचा आणा, शेवटचं पाणी तेच असेल तर काय उपयोग. म्हणजे दोनच गोष्टी हातात आहेत, एक तर शेवटचं पाणी बदला नाहीतर ते गाडीवर सुकायच्या आत काढा. दोन्ही जमलं तर उत्तम.

बुलेटवाला_मंगळवेढा:
बादलीत तुरटी फिरवा की, पाणी स्वच्छ होतं.

क्षार_काढणारा:
तुरटीनं गाळ खाली बसतो दादा, विरघळलेले क्षार आहेत तसेच राहतात. दिसायला स्वच्छ आणि कठीण हे दोन वेगळे विषय आहेत, बोअरचं पाणी दिसायला काचेसारखंच असतं. आणि अजून एक, घरात सॉफ्टनर बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम टाकतो, क्षार कमी करत नाही, मीटर लावला तर टीडीएस जवळपास तेवढाच दाखवतो. डाग पडतोच, फक्त तो ओल्या कपड्यानं निघतो, दगड होऊन बसत नाही.

बुलेटवाला_मंगळवेढा:
मग आमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलेला उपाय, बाथरूमचं ॲसिड पाण्यात टाकून पुसायचं, एका मिनिटात साफ. मी सायलेन्सरवर केलंय.

भाकरी_आणि_शेंगाचटणी:
असलं काही करू नका ओ!! ते संडास धुवायचं ॲसिड आहे, क्रोम खातं, अलॉय व्हील खातं, रबर खराब करतं. सायलेन्सरचा आता फोटो टाका बघू.

बुलेटवाला_मंगळवेढा:
पिवळा पडलाय थोडा

टॉवेलवाले_काका:
पोरांनो, पुसायचं कुणी बोलंनाच. सोलापुरात राहून गाडी कशानं पुसायची ते विचारायची वेळ यावी म्हणजे कमाल झाली. आयुष्य गेलं टॉवेलच्या धंद्यात म्हणून सांगतो. आपला टर्किश टॉवेल पाणी ओढायला कुणाला ऐकत नाही, पण लोक चुका तीन करतात. दुकानातनं आणलेला कोरा टॉवेल तसाच वापरतात, त्याला खळ आणि फिनिशिंग असतं, तो पाणी ओढत नाही नुसतं पसरवतो, तीन चार वेळा धुतल्यावर तो खरा कामाला येतो. धुताना मऊ व्हावा म्हणून ते वासाचं कंडिशनर टाकतात, त्यानं धाग्यावर थर बसतो आणि टॉवेल पाणी घेईनासा होतो. आणि तिसरं, टॉवेलच्या काठाची शिलाई. रंगावर ओरखडा आतल्या लूपनं कमी येतो, काठानं येतो. काठ आत दुमडून घ्यायचा. घासायचं नाही, अंथरूण टाकतो तसा टॉवेल बॉनेटवर पसरायचा, वरनं हात फिरवायचा आणि दोन टोकांनी ओढून घ्यायचा.
एक टॉवेल पुरत नाही, दोन लागतात, पहिला पाणी घ्यायला दुसरा कोरडं करायला.

भाकरी_आणि_शेंगाचटणी:
काकांचं बरोबर, पण काळ्या गाडीला मी तरी मायक्रोफायबरच म्हणेन काका, रागवू नका. मोठा जाड घ्यायचा, बिनशिलाईच्या काठाचा. तुमचा टॉवेल मी टायर आणि दाराच्या आतल्या बाजूला वापरतो.

टॉवेलवाले_काका:
टायरला! अरे देवा. असो, काळ्या रंगाला मायक्रोफायबर ठीक आहे, मान्य करतो. पण तो पण कंडिशनर न टाकता वेगळा धुवा, कपड्यांबरोबर धुतला तर दुसऱ्या कपड्याचा सगळा बूर धरून बसतो.

भाकरी_आणि_शेंगाचटणी:
होय की. अजून एक ट्रिक, शेवटचं पाणी फवारा करून मारू नका, पाईपचं नोझल काढून हळू धारेनं छतापासनं खाली सोडा, पाणी चादरीसारखं सरकत जातं आणि बरंचसं पाणी आपलं आपण घेऊन जातं, थेंब कमी राहतात. पुसायचं पण वरनं खाली, छत, काचा, बॉनेट, मग दारं. आरशाच्या आत, हँडलच्या मागं, नंबरप्लेटच्या वर पाणी लपून बसतं आणि तुम्ही घरात गेल्यावर ओघळतं, तिथं घरचा छोटा ब्लोअर मारा. काही लोक गाडी कॉलनीत एक राऊंड मारून पाणी झटकतात, आपल्या धुळीत हे केलंत तर परत धुवावी लागेल.

काळीगाडी_जुळेसोलापूर:
भारी माहिती मिळायली. पण शेवटचं पाणी बदला म्हणजे आणू कुठनं? नळाला उजनीचं पाणी चार पाच दिवसांनी येतं, त्यात गाडी धुतली तर आई मला धुवील. आरओचं जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवतो आम्ही, ते चालेल का? आणि कुलरच्या टाकीतलं?

क्षार_काढणारा:
दोन्ही नको!! आरओ जे बाहेर फेकतं त्यात तुमच्या मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, गाळून काढलेले क्षार त्यातच जातात ना. टायर, मडगार्डची आतली बाजू, पार्किंगची फरशी, तिथं वापरा, रंगावर शेवटचं म्हणून अजिबात नाही. कुलरचं त्याहून वाईट, पाणी उडतं क्षार मागं राहतात, दिवसभर चालल्यावर टाकीत पाक तयार होतो. कुलरच्या गवतावर पांढरा थर बघितलाय ना, तो काय आहे.

एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी घ्या, ते हवेतलंच पाणी थंड होऊन पडलेलं असतं, क्षार नावाला. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी मिळतं, पावसाळ्यात भरपूर. नाहीतर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी कॅनमधे मिळतं ते पाच लिटर, फवाऱ्याच्या बाटलीत भरून शेवटी फक्त वरच्या भागावर मारा. आख्खी गाडी धुवायची नाही त्यानं, बोअरचं पाणी खाली ढकलायचं आहे फक्त.

विश्वास बसत नसेल तर एक करा, स्टीलच्या ताटात प्रत्येक पाण्याचा एक एक थेंब टाकून गच्चीवर उन्हात ठेवा.

काळीगाडी_जुळेसोलापूर:
केलं. आईचं ताट घेतलं, बोअर, नळ, आरओचं पिण्याचं, आरओचं वाया गेलेलं, आणि शेजाऱ्याच्या एसीचं, असे पाच थेंब. दहा मिनिटांत सुकले. बोअरची जाड रिंग, वाया गेलेल्याची त्याच्याहून जाड, नळाची फिकट, पिण्याच्या आरओची डोळे बारीक केल्यावर दिसते, एसीचं कुठं टाकलं होतं तेच सापडंना. क्षारवाल्यांना साष्टांग दंडवत. कामावरच्या मित्राकडनं मीटर पण आणला, बोअर १०४०, आरओ ४५.

रविवारी सहाला उठलो (आईला वाटलं तब्येत बिघडली). बोअरनंच धुतली, एक बाजू झाली की तिच्यावर परत पाणी मारत राहिलो, सुकू दिलीच नाही, शेवटी धार, मग एसीचं तीन लिटर फवाऱ्यानं, मग टॉवेल पसरून ओढला. नवीन डाग एक पण नाही. पण जुने आहेत तसेच आहेत, ते कसे काढू?

क्षार_काढणारा:
पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी. पत्रा गार, सावलीत. कपडा भिजवून डागावर एखादा मिनिट ठेवा, घासू नका, सुकू देऊ नका, मग शॅम्पूच्या पाण्यानं धुवून टाका. आधी कोपऱ्यात करून बघा. कार्बोनेट असेल तर विरघळून जातं. वॅक्स असेल तर ते पण जाईल, नंतर परत लावायचं.

काळीगाडी_जुळेसोलापूर:
दारांवरचे सगळे गेले!! छतावरचे पण. बॉनेटवर सात आठ रिंगा राहिल्यात, हाताला काही लागत नाही पण तिरपं बघितलं की दिसतात.

भाकरी_आणि_शेंगाचटणी:
त्या आता वर नाहीत, क्लिअर कोटमधे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, खड्डा पडलाय. त्याला पॉलिशच, आणि पॉलिश म्हणजे वरचा थर थोडा घासूनच काढतात, त्यामुळं वर्षात दोन दोनदा करू नका. सात आठ रिंगांसाठी मी तर तसंच ठेवीन, दिवाळीच्या आधी एकदाच करून घे आणि वर वॅक्स मार. पण वॅक्स केलं म्हणून उन्हात ओली सोडू नको, वॅक्सवर पाणी मोत्यासारखं उभं राहतं, एकेक मोती म्हणजे एकेक डाग, फरक एवढाच की मग तो लवकर निघतो.

काळीगाडी_जुळेसोलापूर:
ठीक. काचेवर व्हिनेगरनं पण जाईनात, वायपर फिरला की खरखर आवाज येतो.

क्षार_काढणारा:
काचेवर सिलिका बसली असेल, ती व्हिनेगरला दाद देत नाही. काचेसाठीचं सिरियम ऑक्साईडचं पॉलिश मिळतं, पाण्यात कालवून फेल्टच्या तुकड्यानं हातानं घासा, वेळ लागतो. वायपरचं रबर आधी पुसून बघा, कधी कधी खरखर काचेची नसते, रबरातल्या धुळीची असते.

टॉवेलवाले_काका:
आणि आईचं ताट धुवून ठेवलंस का?

काळीगाडी_जुळेसोलापूर:
बोअरच्या पाण्यानं धुवून उन्हात ठेवलं काका. आता पाचच्या जागी पन्नास डाग आहेत.