हातच्याची वजाबाकी आणि टॅब

प्रश्न: धडगावकडं झेडपीची चौथी शिकवते. पोरं ५२ − ३८ चं उत्तर २६ लिहितात. आठातून दोन काढले की मोकळी! टॅबवरचं अ‍ॅप 'चूक' म्हणतं नि पुन्हा तसलंच गणित पुढं करतं. पातळीनुसार शिकवणं म्हणतात ते हेच का?

उत्तर: नाही हो बाई. चांगलं अ‍ॅप २६ बघूनच ओळखतं, की दशक सुटा करायचा राहिला. मग मागच्या पायरीवर नेतं. माइंडस्पार्क हे असंच पातळी बघून शिकवणारं सॉफ्टवेअर; त्याच्या दिल्लीतल्या केंद्रांत साडेचार महिन्यांत मुलं गणितात पुढं गेली. २०१९ मध्ये अभ्यास छापून आलाय.

दुसरं उत्तर: तिथं जोडीला शिकवायला माणूसही होता, बरं का.

प्रश्नकर्ती: काल काड्यांचा गठ्ठा सोडून मोजायला लावला. एक पोरगा म्हणतो, "मग टॅब कशाला?" तसंही चार्जिंग नव्हतंच.