इराण-इराक युद्ध फक्त ‘त्या दोघांचं’ होतं का?

रानवाटा: “दोन शेजारी देश भांडले तर जगाचं काय जातं?” हे परवा पुन्हा ऐकलं. इराकच्या सद्दाम हुसेनने शत्त अल-अरब या सीमेवरच्या नदीबाबतचा १९७५चा अल्जिअर्स करार झुगारून २२ सप्टेंबर १९८०ला इराणवर हल्ला केला. मे १९८७मध्ये इराकी क्षेपणास्त्रांनी अमेरिकेच्या ‘स्टार्क’ या युद्धनौकेवरचे ३७ नौसैनिक मेले. जुलै १९८८मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘व्हिन्सेन्स’ने इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली, त्यांत १० भारतीय. ही कुठल्या दोघांची लढाई? जागतिक शांतताच धोक्यात होती.

तिरपा डोळा: असहमत. आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत असतानाच १९८६मध्ये तेलाचे भाव कोसळले, कारण सौदीने उत्पादन वाढवलं. महासत्ता एकमेकींशी भिडल्या नाहीत. वाईट युद्ध होतं, पण ‘जागतिक शांतता धोक्यात’ हे जरा स्वस्तात वापरताय.

खारं पाणी: तेलाच्या भावावर शांतता मोजायची? रासायनिक अस्त्रांवर १९२५पासून बंदी होती. इराणी सैनिकांवर मस्टर्ड गॅस सोडल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९८४मध्येच सांगितलं होतं. बगदादला त्याची खरी किंमत मोजावी लागली नाही. मार्च १९८८मध्ये तोच इराक रासायनिक अस्त्रं घेऊन हलब्जा गावातल्या स्वतःच्याच कुर्द नागरिकांवर उलटला. नियम मोडूनही निभावतं, हे बाकीच्या हुकूमशहांनीही पाहिलंच असणार.

तिरपा डोळा: मग दोष सुरक्षा परिषदेला द्या! तिच्या पहिल्याच ठरावात, ४७९मध्ये, इराकी फौजा मागे घ्या एवढंही नव्हतं. फ्रान्स आणि सोव्हिएत संघ इराकला शस्त्रं विकत होते, अमेरिका चोरून इराणला. या युद्धाने जग बिघडवलं नाही, जगाने हे युद्ध आठ वर्षं जगवलं.

मिरकरवाडा: +१. आमच्याकडे मात्र याची झळ १९९०ला पोचली. रत्नागिरीची कितीतरी माणसं कुवेतला होती.

रानवाटा: तेच म्हणतोय. युद्धात इराक कर्जात बुडाला, कुवेत कर्ज माफ करेना, आणि ऑगस्ट १९९०मध्ये रणगाडे कुवेतमध्ये. दीड लाखाहून जास्त भारतीय बाहेर काढावे लागले, बरेचसे जॉर्डनच्या अम्मानमार्गे.

तिरपा डोळा: इराणही कंगाल झाला होता. त्याने त्यानंतर कुठला शेजारी गिळला?

खारं पाणी: इराणला एवढं कर्ज आणि एवढे रणगाडे द्यायला कोण बसलं होतं?

तिरपा डोळा: म्हणजे माझाच मुद्दा. देणारे बाहेरचे होते.