पीआरएस३०६ ला बीवाय४७४१ मध्ये कॉलनीच येत नाही

प्लेट_रिकामी
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्रोजेक्टसाठी यीस्टचाच एक जीन त्याच्या प्रमोटरसकट (जीन चालू करणाऱ्या भागासकट) पीआरएस३०६ या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे छोट्या गोल डीएनएमध्ये, क्लोन केलाय. तो बीवाय४७४१ या यीस्ट स्ट्रेनच्या क्रोमोसोममध्ये बसवायचाय. प्लाझ्मिड त्यावरच्या युरा३ मध्ये (युरॅसिल बनवायला लागणारा मार्कर जीन) स्टू-वन या कापणाऱ्या एन्झाइमने कापलं, जेलवर एकच बँड. पुढे पेशींत डीएनए घालायला नेहमीचं लिथियम अ‍ॅसिटेट: ५० टक्के पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम अ‍ॅसिटेट ३६, उकळलेला सॅमन डीएनए ५०, मग ४२ अंशांवर ४० मिनिटं. युरॅसिल नसलेली प्लेट चार दिवस ३० अंशांवर ठेवलीय, एकही कॉलनी नाही. त्याच पेशींत युरा३ वालंच दुसरं प्लाझ्मिड, पीआरएस३१६, घातलं, ती प्लेट मात्र गच्च. गाईड सर म्हणतात डीएनए वाढव. वाढवू का?

शेकर३०
पेग कधीचं आहे? झाकण सैल असलं की पाणी उडतं आणि प्रमाण बिघडतं. सॅमन डीएनए उकळून लगेच बर्फात ठेवला होतास ना?

आंबोण
पेगच्या मागे लागू नका हो. ३१६ ची प्लेट भरली म्हणजे पेशी, पेग, उष्णता, मीडिया सगळं ठीक आहे. कंट्रोल कशासाठी लावतो आपण!

३१६ मध्ये सेंट्रोमिअर (पेशी दुभंगताना प्रती वाटून देणारा भाग) आणि एआरएस (डीएनएची प्रत निघायला सुरुवात होते ती जागा) आहे, ते स्वतःच्या जोरावर टिकतं. ३०६ मध्ये दोन्ही नाहीत. ते क्रोमोसोममध्ये शिरलं तरच पेशी वाढणार, आणि शिरतं ते कापलेल्या टोकांशी जुळणारा डीएनए शोधून. (ऑर-वीव्हर, शोस्टाक आणि रॉथस्टीन यांनी हे १९८१ मध्येच दाखवलं.) तुझी टोकं युरा३ ची, आणि बीवाय४७४१ मध्ये युरा३ औषधालाही नाही! जीनोटाइप (स्ट्रेनमधल्या जीन-बदलांची यादी) वाच: युरा३-डेल्टा-शून्य, म्हणजे तो जीन पूर्ण काढलेला. १९९८ मध्ये हे स्ट्रेन मुद्दाम असे केले की मार्करची जीनोमशी जुळणीच होऊ नये. स्टू-वनचा सल्ला युरा३-५२ वाल्या स्ट्रेनसाठी ठीक आहे. तिथे जीनमध्ये टाय (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसलाय, पण बाकीचा जीन जागेवर आहे. डीएनए दहापट घातलास तरी फरक पडायचा नाही, सरांना जीनोटाइप दाखव.

इन्सर्टच्या, म्हणजे तू क्लोन केलेल्या तुकड्याच्या, प्रमोटरमध्ये एकदाच कापणारा एन्झाइम शोध. प्लाझ्मिड तुझ्या जीनच्या मूळ जागी जाईल. किंवा जीन हिस३ मार्करवाल्या पीआरएस३०३ मध्ये हलव, बीवाय४७४१ मधला हिस३ पूर्ण गेलेला नाही.

प्लेट_रिकामी
ताई, असा एन्झाइम सापडला! पण तो इन्सर्टच्या टोकापासून जेमतेम ६० बेसवर कापतो. आणि डब्ल्यू३०३ हा दुसरा स्ट्रेन वापरला तर?

आंबोण
६० वर चालतं, पण कॉलन्या कमी येतील. दोन्ही बाजूंना दोनशेच्या वर मिळत असेल तर तो एन्झाइम घे. डब्ल्यू३०३ मध्ये युरा३ ला फक्त पॉइंट म्युटेशन (एका अक्षराचा बदल) आहे, तेव्हा स्टू-वन चालेल. पण प्लाझ्मिड न बसता नुसती म्युटेशनच दुरुस्त झालेल्या कॉलन्याही उगवतात. म्हणून प्लाझ्मिड आणि क्रोमोसोम जिथे जुळतात त्या दोन्ही जोडांवर कॉलनी पीसीआर कर, एका बाजूवर विसंबू नकोस. मूळ जागी बसवलंस तर जीनच्या दोन प्रती शेजारी-शेजारी राहतील आणि आपसात जुळून प्लाझ्मिड बाहेरही पडू शकेल, तेव्हा कल्चर युरॅसिलविना वाढव.

शेकर३०
म्हणजे माझं पेग निर्दोष सुटलं.