मदत हवी आहे: छोट्या प्रोग्रामिंग भाषेत जेनेरिक्स (एकच फंक्शन वेगवेगळ्या टाइपना, म्हणजे डेटाच्या प्रकारांना, चालणं) कसे बसवू?

मंडळी, जळगावहून लिहितोय. फावल्या वेळात स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा करतोय, तिचा कंपायलर (भाषांतर करणारा प्रोग्राम) सी भाषेतला कोड काढून देतो. चाचणीला घरच्याच केळीचा हिशेब घेतला: घडांच्या वजनांची यादी दशांशात, व्यापाऱ्यांच्या नावांची स्ट्रिंगमध्ये (अक्षरांत). आता यादी उलटी करणारं 'उलटकर' हे एकच फंक्शन दोनदा लिहून बसलोय, फरक फक्त टाइपचा. उद्या तारखा आल्या की तिसऱ्यांदा!

सी++ किंवा रस्टसारखी दर टाइपला फंक्शनची वेगळी प्रत काढली तर कोड पळतो, पण फुगतो. जावाने २००४ साली टाइप तपासून पुढे पुसून टाकायची वाट धरली. तिथे साधा इंट (पूर्णांक) यादीत थेट जात नाही, इंटिजर नावाच्या ऑब्जेक्टच्या डबीत घालावा लागतो. गो भाषा तर २०२२ मध्ये १.१८ आवृत्ती येईपर्यंत जेनेरिक्सशिवायच चालली, त्यामुळे हा विषयच सोडून द्यायचाही मोह होतो.

माझा कल प्रती काढण्याकडे. पण दोनांतला मोठा देणाऱ्या 'मोठा' फंक्शनपाशी अडलोय, त्याला तुलना लागते. टाइपवरची अट (उदा. 'तुलना करता यायला हवी') आधीच लिहून घ्यावी, की प्रत काढताना चूक सापडू द्यावी? दुसऱ्या प्रकारात एरर भलत्याच ओळीवर दिसते, रात्री दोन वाजता डोकं फिरतं. कुणी हे केलं असेल तर सांगा ना दादा-ताई, अटी किती साध्या ठेवल्या तरी भागतं?