'लोकलाइज्ड मोमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

सांगलीहून प्रश्न: एमएस्सीच्या मुलांसाठी लोहचुंबकीय अर्धवाहकांवर (चुंबक होणाऱ्या सेमीकंडक्टरांवर) मराठीत टिपण करतेय. एकानं भाषांतर-यंत्रातून काढून आणलं, 'इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा स्थानिक क्षणांशी संवाद'. इथं 'मोमेंट' म्हणजे क्षण नव्हे, अणूच्या चुंबकत्वाचं माप; वर्ग खो खो हसला. पण हसून झाल्यावर मलाही शब्द सुचेना. 'स्थानबद्ध चुंबकीय आघूर्ण' चालेल?

वाईहून: ताई, 'आघूर्ण' ठीक. आमच्या गावच्या विश्वकोशात 'परिबल' सापडेल ('निरूढी परिबल' आठवा), पण मुलांना आघूर्णच ओळखीचं. 'स्थानबद्ध' मात्र नको, आणीबाणी आठवते. इथं कुणाला डांबलेलं नाही. युरोपियम ऑक्साइड हा असलाच एक अर्धवाहक घ्या. युरोपियमचे ४एफ कक्षेतले सात इलेक्ट्रॉन अणूत इतके आत असतात की शेजारच्या अणूपर्यंत त्यांचा हात जेमतेम पोचतो. सातांचेही स्पिन (इलेक्ट्रॉनला इवलं चुंबक बनवणारा त्याचा अंगचा गुण) एकाच दिशेला, म्हणून आघूर्ण दणदणीत, आणि ते आपल्या जागी ठाण मांडून. सरळ 'जागचं आघूर्ण' म्हणा. 'जागचा हलेना' मधलं जागचं.

मिरजेहून: 'जागचं' झकास, कारण सगळी गंमत जागचे आणि फिरते यांच्यातच आहे. वहनपट्ट्यातला, म्हणजे पदार्थभर मोकळं फिरता येतं अशा ऊर्जापातळ्यांतला, इलेक्ट्रॉन पेठेतल्या फेरीवाल्यासारखा, दुकानं मात्र जागच्या जागी. त्याचा स्पिन आघूर्णांच्या बाजूचा असेल तर ऊर्जा कमी लागते, उलटा असेल तर जास्त. सुमारे ६९ केल्विनच्या (उणे २०४ अंश सेल्सियस) खाली आघूर्णं एका दिशेला लागू लागली की वहनपट्टा दुभंगतो आणि त्याचा एक भाग खाली उतरतो. मग इलेक्ट्रॉनला तिथं चढायला कमी ऊर्जा पुरते, म्हणून तोच पदार्थ आधीपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाशही शोषू लागतो.

'संवाद' काढाच. 'आंतरक्रिया' लिहा. पुढं 'विनिमय आंतरक्रिया' (एक्स्चेंज इंटरॅक्शन) येईल, तिथं मुलांना सांगा की देवाणघेवाण कुणीच करत नाही. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यातून निघालेलं ते नाव.

साताऱ्याहून: आन् स्पिनला फिरकी? आमच्याकडं फिरकी माणसाची घेत्यात! 'परिवलन' म्हणाल तर ते भूगोलातलं, दिवस-रात्र करणारं. १९२५ मध्ये ऊलेनबेक आणि गौडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी स्पिन मांडला, तेव्हाच ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झनी हिशेब दाखवला होता की इलेक्ट्रॉन खरंच भोवऱ्यासारखा फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगानं पळायला हवा. 'स्पिन'च राहू द्या.

वाईहून: अहो, पण इंग्रजीतही स्पिन म्हणजे फिरणंच की!

साताऱ्याहून: असंल. पण ती चूक त्यांची, आपण भाषांतर करून कशाला घरात घ्यायची?

मिरजेहून: एक राहिलं. टिपणात गॅलियम मँगनीज आर्सेनाइड हा अर्धवाहकही असेल तर 'फिरते इलेक्ट्रॉन' लिहू नका. मँगनीज गॅलियमच्या जागी बसतो तेव्हा एक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) सोडतो, आणि फिरतात ते होल. त्यांचा स्पिन मँगनीजच्या उलट दिशेला कलतो. 'फिरते वाहक' लिहिलंत की दोन्हीकडे चालेल.

सांगलीहून: मग मथळा असा करते, 'फिरत्या वाहकांच्या स्पिनची जागच्या आघूर्णांशी आंतरक्रिया'. अनेकवचन 'आघूर्णे' की 'आघूर्णं'?

वाईहून: छापायला 'आघूर्णे', वर्गात 'आघूर्णं'.