मुलगा १८ चा होतोय, बँक कायदेशीर पालकाचा कागद मागतेय. सुरुवात कुठून करायची?

शेवग्याची_शेंग
मुलाला डाऊन सिंड्रोम. प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. ऑगस्टमध्ये १८ पूर्ण. अज्ञान (१८ च्या आतला) म्हणून उघडलेलं त्याचं बचत खातं १८ नंतर थांबेल, कायदेशीर पालकाचा दाखला आणा, असं बँक सांगते. वकील म्हणतात जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागेल. जिल्हा नाशिक. त्याचे वडील राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त, जुनी पेन्शन. मोठी मुलगी कॅनडात आहे, नागरिकत्वही तिकडचंच. आमच्यानंतर पालक तीच होईल असं धरून चाललो होतो. राहता फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. काय आधी, काय नंतर, आणि कुठे अडतं?

जुना_टंकलेखक
ताई, न्यायालयात जायची गरज नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानतच नाही. तुमच्या मुलाला लागू होतो तो १९९९ चा राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट, केंद्र सरकारची संस्था) कायदा. त्यात चार गट येतात: स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (कायद्यात अजून जुनाच शब्द आहे) आणि बहुविकलांगता. डाऊन सिंड्रोम बौद्धिक अक्षमतेत धरतात. कलम १३ नुसार जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे लोक बसतात. कलम १४ खाली हीच समिती पालक नेमते.

पण त्याआधी प्रमाणपत्र बघा. लहानपणी काढलेलं असेल तर त्यावर नूतनीकरणाचं वय छापलेलं असतं, बहुधा १८. म्हणजे वाढदिवसानंतर स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासणी. १८ ला मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असतं. जुन्या प्रमाणपत्रावर समितीकडे गेलात तर फाईल तिथेच परत येते, आणि फेऱ्या वाया जातात त्या सगळ्यात जास्त इथेच.

तपासणीला मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकासोबत सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतात आणि टक्केवारी तिच्या गुणांवरून येते. ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ म्हणजे मध्यम, ७५ टक्के. २१ ते ३५ म्हणजे तीव्र, ९० टक्के. त्याखाली १००. प्रश्न पालकांना विचारतात. तिथे आपलं लेकरू हुशार दाखवायचा मोह होतो, 'हो, करतो तो सगळं' असं तोंडातून जातं. मदतीशिवाय काय करतो एवढंच सांगा. बटण तुम्ही लावून देत असाल तर ते 'करतो' नव्हे.

समितीचा अर्ज म्हणजे नमुना अ. सोबत नवं प्रमाणपत्र, त्याच्या वयाचा आणि दोघांच्या राहण्याचा पुरावा, फोटो. सख्ख्या भावंडाची लेखी संमती लागते, तेव्हा मुलीकडून आत्ताच मागवून ठेवा. आधार, प्रमाणपत्र आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. अर्ज न्यासाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो, नाहीतर नोंदणीकृत संस्थेमार्फत. संस्थेमार्फत गेलात तर त्रुटी आधीच सापडतात. कायद्याप्रमाणे समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसायला हवं. बैठकीचा दिवस कळला की आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, जिल्हाधिकाऱ्यांना दुसरं काम लागलं की ती पुढे जाते. मंजुरी नमुना ब वर येते. बँकेला हाच कागद दाखवायचा. राष्ट्रीय न्यासाचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक २००७ पासून आहे, शाखेला माहीत नसेल तर हेड ऑफिसला विचारायला सांगा.

खारुताई
टंकलेखकांनी क्रम बरोबर दिलाय, पण एक पायरी गाळली. पालक हवाय का आणि नेमका कशासाठी, हे समितीने आधी तपासायचं असतं. ते कलम १४ मध्येच लिहिलेलं आहे. अर्जात सरसकट 'सर्व बाबींसाठी' लिहू नका. बँक व्यवहार, उपचारांची संमती, पेन्शन, मालमत्तेची देखभाल, असं वेगवेगळं मांडा. काय खायचं, कुठे जायचं, कोणाशी बोलायचं यासाठी त्याला पालक लागत नाही. सौम्य अक्षमता असलेली कितीतरी मुलं अंगठ्यावर खातं नीट चालवतात. बँकांना घाई असते म्हणून घरच्यांनी जन्मभराचं पालकत्व घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

आता मुलीचं. ती पालक होऊ शकणार नाही. न्यासाच्या नियमांत पालक भारताचा नागरिक हवा अशी अट आहे, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) म्हणजे नागरिकत्व नाही. इतर अटी: दिवाळखोर नको, गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, दुसऱ्याच्या आधारावर जगणारा नको. आत्ता तुम्ही दोघं संयुक्त पालक म्हणून अर्ज करा. पुढच्यासाठी मावशी, काका, चुलत भावंड, जवळपास राहणारं कोणी शोधा. (इतर वाचकांसाठी: पाल्य मुलगी असेल तर पुरुष एकटा पालक होऊ शकत नाही, पत्नीसोबतच.)

हे पालकत्व वारसाहक्काने पुढे जात नाही. दोघंही गेल्यावर नव्या माणसाला पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून त्या माणसाचं लेखी तयारीपत्र आणि त्याची कागदपत्रं आजच फाईलला लावून ठेवा. शेजारी एक साधी वही ठेवा: सकाळपासूनचा क्रम, गोळ्यांची नावं आणि वेळा, थायरॉईडची शेवटची तपासणी (डाऊनमध्ये ती दरवर्षी करायचीच), कशाने घाबरतो, कशाने शांत होतो.

शेवग्याची_शेंग
नागरिकत्वाचं ठाऊक नव्हतं. पालक झाल्यावर पुढे दरवर्षी काही द्यावं लागतं का? आणि पेन्शन, फ्लॅटचं?

लेखाशीर्ष_००
हो. कलम १६ वाचा. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी समितीला द्यायची. नंतर दरवर्षी ३१ मार्चनंतर तीन महिन्यांत हिशेब. खात्यात पाच हजार असले तरी द्या. समिती मागत नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि पुढे एखादा नातेवाईक तक्रार करतो तेव्हा हातात काही नसतं. पालकाने दुर्लक्ष केलं किंवा पैसा खाल्ला तर कलम १७ खाली त्याला काढता येतं, त्यामुळे तुमच्यानंतर येणाऱ्यालाही ही सवय लावा.

पेन्शन: महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२, नियम ११६. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं. आधी वडिलांनंतर तुम्हाला, मग त्याला. ज्या कार्यालयातून निवृत्ती झाली तिथे आत्ताच अर्ज देऊन त्याचं नाव कुटुंब तपशिलात चढवून घ्या. सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र आणि नमुना ब. नाशिकचं प्रकरण मुंबईच्या महालेखापालांकडे जातं. दोघांच्या पश्चात हे करायला कोणी बसलं की सगळ्यात जुना कागद नेमका सापडत नाही. खासगी नोकरीतले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ईपीएस ९५ मध्येही (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) पूर्ण आणि कायमच्या दिव्यांग अपत्याला वयाची अट न ठेवता पेन्शन आहे.

फ्लॅट: तो वारस होऊ शकतो, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २८ तसं स्पष्ट सांगतं. पण त्याच्या नावावर झालेली जागा समितीच्या कागदावर सहज विकता येईल असं धरू नका. खरेदीदाराचा वकील न्यायालयाची परवानगी मागतो आणि व्यवहार लटकतो. म्हणून दोघंही वेगवेगळं मृत्युपत्र करा. फ्लॅट थेट त्याच्या नावे न ठेवता खासगी विश्वस्तनिधीकडे (ट्रस्ट) जाईल अशी रचना करा. लाभार्थी तो एकटा, विश्वस्त किमान दोन, आणि पालक तोच एकमेव विश्वस्त असं नको. लाभार्थी आणि त्याचा हिस्सा स्पष्ट नसेल तर कराचा सर्वात वरचा दर लागतो, तेव्हा मसुदा करसल्लागाराला दाखवा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. दोन साक्षीदार तरुण घ्या.

जुना_टंकलेखक
एक राहिलं. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढलेला नसेल तर काढा. वर्षाला एक लाखाचं संरक्षण, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, जन्मजात आजारही चालतात, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्षाच्या मध्यात काढला तरी ३१ मार्चलाच संपतो, म्हणून नूतनीकरण फेब्रुवारीतच टाका. आणि बँकेत जाण्याआधी आधार केंद्रावर जाऊन या: बोटांचे ठसे उमटत नसतील तर बायोमेट्रिक अपवादाची नोंद करून घेता येते. पॅन असेल तर १८ नंतर त्यावर त्याचा फोटो आणि अंगठा चढवावा लागतो. ते राहिलं की केवायसी तिथेच अडते.